बरोबरीला आलेली शिखरं

सोमवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी श्रुतीने सांगितलं की गुरुवारी सॅम्पल भरताना पंप चालूच नव्हता.

सांगताना ती हसत होती. एका हातात कॅन्टीनचा चहा, दुसऱ्या हातात पंपाच्या वायरचं टोक. "तेजूताई, कसली बावळट आहे मी! तो आवाज आपल्या पंपाचा नव्हताच गं. पलीकडच्या खोलीतला कॉम्प्रेसर सुरू होता. मी आपली उभी राहिले, म्हटलं निघतेय हवा. आज बघते तर प्लगच बाहेर."

"आणि त्याच्यावरच हायड्रोजन भरलास?"

"भरला की. म्हणजे हवा आतच राहिली. सॉरी. टाकून देऊ? लीकच्या ट्रेमध्ये?"

तेजश्री म्हणाली, "थांब."

हा शब्द तिने का उच्चारला ते तिला त्या क्षणी कळलं नाही. बिघडलेलं सॅम्पल ट्रेमध्ये टाकायचं, ही या प्रयोगशाळेची रीत होती. तारनाक्याच्या या जुन्या इमारतीत ती संशोधनाला आली तेव्हा तिच्या मार्गदर्शकांनी, उदय सरांनी, पहिल्या आठवड्यात जे शिकवलं त्यात हे होतं: जे सॅम्पल बाकीच्यांसारखं वागत नाही त्यात आधी गळती शोधायची. गळती सापडली तर त्याचे आकडे धरायचे नाहीत. पंप चालू आहे की नाही हे कुणी काटा बघून ठरवत नसे, काटा केव्हाचा अडकलेला होता. कानाने ठरवत. भिंतीतून येणारी ती बारीक घरघर सगळ्यांच्या इतकी सवयीची झाली होती की ती ऐकू आली म्हणजे हवा निघते आहे असं सगळे धरून चालत. आता तेजश्रीच्या समोरच्या पडद्यावर त्याच सॅम्पलची सकाळी घेतलेली रेषा होती. रेषेवर दोन शिखरं होती, जवळजवळ, जुळ्यांसारखी. शुक्रवारी त्यातलं डावीकडचं उंच होतं आणि उजवीकडचं त्याच्या कमरेलाही पोचत नव्हतं. आज दोन्ही एका उंचीची होती. जे व्हायला एरवी दोन-अडीच आठवडे लागायचे ते शनिवार-रविवारात होऊन गेलं होतं. श्रुतीने पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "बघ, वाटच लागली याची." मग ती चहा संपवायला बाहेर गेली. तेजश्री तशीच बसून राहिली. 

पाणी थंडीत आणि दाबाखाली एका विशिष्ट तऱ्हेने गोठवलं तर त्याचा नेहमीचा बर्फ होत नाही. पाण्याचे रेणू एकमेकांचे हात धरून पिंजरे करतात, लहान आणि मोठे, भिंतीला भिंत लागलेले, चाळीतल्या खोल्यांसारखे. मात्र रिकामा पिंजरा उभा राहत नाही. आत कुणीतरी पाहुणा असावा लागतो, तरच पिंजरा टिकतो. तेजश्रीच्या स्फटिकांत हा पाहुणा हायड्रोजन होता. पुढेमागे गाडीच्या टाकीत हायड्रोजन असा बर्फात साठवता येईल, या आशेवर प्रकल्पाला मंजुरी मिळालेली होती. पण उदय सरांना टाकीत फारसा रस नव्हता आणि तेजश्रीलाही. त्यांना एवढंच हवं होतं की आत कोंडलेला रेणू काय करतो. स्फटिकावर लेझरचा प्रकाश सोडायचा, परत येणारा प्रकाश मोजायचा, रेषा काढायची. रेषेवर दोन शिखरं येत. डावं शिखर लहान पिंजऱ्यातल्या रेणूंचं, उजवं मोठ्या पिंजऱ्यातल्या रेणूंचं, असं त्यांनी मानलं. दिवस जात तसं डावं उतरे, उजवं चढे. म्हणजे लहान पिंजऱ्यातले रेणू भिंतीतून वाट काढून मोठ्या पिंजऱ्यात जातात. तेही द्रव नायट्रोजनच्या थंडीत, जिथे काहीच हलू नये अशी अपेक्षा असते. हे नवीन होतं. हे तिच्या प्रबंधाचं चौथं प्रकरण होतं, तिच्या नावावरचा एकुलता एक मोठा लेख होता, आणि त्या लेखावरच तिला जर्मनीतल्या एका प्रयोगशाळेत जागा मिळालेली होती. प्रबंध शुक्रवारी द्यायचा होता. मुदतवाढ दोनदा मिळून संपली होती, तिसरी मिळत नसे. शुक्रवार चुकला तर नोंदणी रद्द होऊन पुन्हा पहिल्यापासून सगळं, आणि जर्मनीची जागा कुणा दुसऱ्याला.

हवेत ऑक्सिजन असतो. ऑक्सिजनचा रेणू लहानशा चुंबकासारखा वागतो. हे दोन वाक्यांचं ज्ञान तेजश्रीला बारावीपासून होतं. हायड्रोजनच्या रेणूत दोन अणुकेंद्रं असतात. दोघांची गिरकी एकाच दिशेने असेल तर त्या रेणूला ऑर्थो म्हणतात, उलट दिशेने असेल तर पॅरा. साध्या वायूत तीन ऑर्थोंमागे एक पॅरा असतो. थंडीत ऑर्थोचे हळूहळू पॅरा होतात, आणि द्रव नायट्रोजनच्या थंडीत ते साधारण निम्मे-निम्मे झाले की थांबतात. एकट्या रेणूला हे करायला अतिशय वेळ लागतो. पण जवळ चुंबक असेल तर पटकन होतं. ऑर्थो आणि पॅरा यांची शिखरं वेगळी दिसतात, अगदी जवळजवळ, जुळ्यांसारखी. तीनास एक, आणि मग बरोबरी. बरोबरीला येऊन शिखरं का थांबतात याचं स्पष्टीकरण चौथ्या प्रकरणात पानभर दिलेलं होतं. ते तिनेच लिहिलेलं होतं, पुष्कळदा पुन्हा लिहिलं होतं, आणि प्रत्येक वेळी ते वाचताना तिला किंचित कंटाळा येई, जसा न पटलेली गोष्ट नीट मांडताना येतो. आता हवेमुळे शिखरं जर लवकर बरोबरीला आली असतील, तर रेणू एका पिंजऱ्यातून दुसऱ्या पिंजऱ्यात जात नव्हते. हवा असली काय आणि नसली काय, भिंतीतून जायला तिची मदत होण्याचं कारण नाही. म्हणजे कुणी कुठे गेलंच नव्हतं. प्रत्येक जण आपापल्या खोलीत बसल्या जागी बदलत होता, आणि आपण त्या बदलण्याला जाणं समजलो.

तिने लीकचा ट्रे ओढला. त्यात आधीची दोन सॅम्पल होती, एक गेल्या पावसाळ्यातलं, एक त्याच्याही आधीचं. दोन्ही फार लवकर बरोबरीला आली होती म्हणून टाकलेली. गळती, असं त्यांच्यावर तिच्याच अक्षरात लिहिलेलं होतं. तिने जुन्या रेषा उघडल्या आणि यापूर्वी कधी केलं नव्हतं ते केलं: दोन्ही शिखरांची बेरीज केली. बेरीज कमी झालेली नव्हती. हायड्रोजन गळून गेला असता तर ती कमी व्हायला हवी होती. वायू बाहेर गेला नव्हता. हवा आत आली होती.

संध्याकाळी मेट्रो बदलून ती चिक्कडपल्लीला उतरली तेव्हा बाजार भरला होता, फुलांच्या गाड्यांवर बल्ब लागले होते, आणि तिला यातलं काहीच जाणवत नव्हतं. तिच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती आणि तिचा हायड्रोजनशी काही संबंध नव्हता. तेव्हा ती अकरावीत होती. अफझलगंजहून परत येताना रिक्षात मध्ये आई, एका बाजूला ती, दुसऱ्या बाजूला कुलदीपदादा, मांडीवर नव्या भांड्यांचं बोचकं. रिक्षावाला पुलावरून सरळ यायचं सोडून भलत्याच गल्ल्यांतून फिरवत निघाला. भामा, तिची आई, भालकीकडच्या खेड्यातून लग्न होऊन या शहरात आली ती सहा महिन्यांत रिक्षावाल्यांशी दख्खनीत भांडायला शिकलेली बाई. "कां कू घुमारै रे, मेरेकू रस्ता नै मालूम क्या?" हे वाक्य मुलांना पाठ होतं, घरात नकला होत. त्या दिवशी दादाने आईकडे पाहिलं, वाक्य येणार म्हणून तो आधीच हसायला लागला. आई बाहेर बघत राहिली. रिक्षा फिरत राहिली. दादाने कोपराने हलकेच ढोसलं तेव्हा आई म्हणाली, "फिरू दे की." एवढंच. त्यानंतर आईचं बोलणं कमी होत गेलं. शेजारच्या तेलुगू बाईंशी जिन्यात तासन्‌तास चालायचं ते थांबलं, स्वयंपाकघरातलं पुटपुटणं थांबलं. आई स्वयंपाक करी, कपडे वाळत घाली, विचारलं तर उत्तर देई. ती आजारी नव्हती. डॉक्टरांनी रक्त तपासून पाहिलं, सगळं ठीक होतं. घरात एक बाई होती आणि ती तीच होती आणि ती नव्हती. कुलदीप मेलबर्नला गेला तो त्यानंतर तीन वर्षांनी. पण मुकुंदरावांनी, तेजश्रीच्या बाबांनी, सगळ्यांना सांगायचं वाक्य तयार केलं होतं, पाहुण्यांना, डॉक्टरांना, भालकीच्या भावकीला फोनवर. "आमची भामा अशी नव्हती हो. पोरगा गेला, आन् ही त्याच्या मागं गेली." ते वाक्य इतक्या वेळा बोललं गेलं की तेजश्रीही ते बोलू लागली होती. मैत्रिणींना सांगताना तिने ते मराठीतून, इंग्रजीतून, तेलुगूतून सांगितलं होतं. रिक्षातली दुपार तिला आठवत होती, नेहमीच आठवत होती. ती कुठे बसत नव्हती म्हणून तिने ती बाजूला ठेवली होती.

घरी मुकुंदराव टीव्हीसमोर होते. वीजखात्यातून निवृत्त झाल्यापासून ते सकाळी अफझलगंजच्या ग्रंथालयात जात, मराठी पेपर वाचत, आणि संध्याकाळी त्या बातम्या टीव्हीवर पुन्हा बघत. "शुक्रवारी ना गं?" त्यांनी विचारलं. "हो." "मी येतो संगट. फोटो काढायचा. कुलदीपला धाडायचा." तिने हूं म्हटलं. मुकुंदरावांच्या घराण्यात नांगर सोडून पेन धरलेले ते पहिले, आणि डॉक्टर या शब्दाचा त्यांच्या डोक्यातला अर्थ अजून पुरता बदललेला नव्हता. भावकीत त्यांनी सांगून ठेवलं होतं की पोरगी डॉक्टर होणार, फक्त सुई देणारी नाही. हा विनोद ते दर वेळी नव्यासारखा करत.

मंगळवारी तिने दोन सॅम्पल भरायला घेतली. बर्फाची भुकटी एकाच बाटलीतली, पोलादी नळ्या एकाच मापाच्या, दाब तोच. फरक एवढाच, की एका नळीतली हवा पंपाने काढली आणि दुसरीत राहू दिली. पंप चालू आहे का हे तिने या वेळी हात लावून पाहिलं. त्याची थरथर तळहातात बराच वेळ राहिली. श्रुती शेजारी उभी होती. तिला एव्हाना कळलं होतं, आणि कळल्यावर तिचं हसणं बंद झालं होतं.

"ताई, मी सांगितलंच नसतं तर?"

"तर शुक्रवारी प्रबंध दिला असता."

"मग मी गप्प का नाही बसले! माझं तोंड ना… आई पण म्हणते, श्रुती, तुझ्या तोंडाला कुलूप हवं. पण सिरीयसली, तू सबमिट कर ना. नंतर करेक्शन छापता येतं. लोक करतात."

"करतात."

"मग?"

तेजश्रीने झडप बंद केली. तिला उत्तर द्यायचं नव्हतं, कारण तिच्या मनात एक लाजिरवाणी आशा होती: दोन्ही नळ्या सारख्याच वागाव्यात. हवा असलेली आणि नसलेली, दोन्ही सावकाश. मग श्रुतीचं सॅम्पल खरोखरच बिघडलेलं ठरलं असतं, ते ट्रेमध्ये गेलं असतं, आणि रिक्षातली दुपारही पुन्हा आपल्या जागी जाऊन बसली असती. आपल्याला खरं काय ते बघायचं आहे असं ती स्वतःला सांगत होती. आत मात्र नळीला विनवण्या चालल्या होत्या.

त्या संध्याकाळी भामा स्वयंपाकघरात अंबाडी निवडत बसली होती. पाटावर कोवळ्या पानांचा ढीग, बाजूला किडकी पानं. मुकुंदराव खाली पान खायला गेले होते. तेजश्री समोर बसली आणि तिनेही पानं खुडायला घेतली. मग तिने विचारलं, आणि विचारताना तिला आपला आवाज प्रयोगशाळेतला वाटला.

"आई, तू अशी गप्प कवापासून झालीस?"

"काय की."

"दादा गेल्यापासून?"

"तुझे बाबा सांगतेत तसं."

"ते सांगतात ते मला माहीत आहे. तू सांग."

भामाने मान वर केली. डोळे नेहमीचे होते, काळे, थोडे खोल. "आज काय झालंय तुला? हे कशाला विचारलालीस?"

"लॅबमध्ये एक चूक सापडली."

"आन् मग घरी येऊन मला तपासाय लागलीस व्हय!" भामा हसली. तेजश्रीने ते हसणं कितीतरी वर्षांनी ऐकलं. ते छोटं होतं, घशातलं, आणि लगेच संपलं. भामा पुन्हा पानांकडे वळली. देठ मोडत म्हणाली, "कुलदीप जायच्या लई आधीपासनं. तो गेला तवा तर मला बरं वाटलं. म्हनलं, एक तरी निघालं."

"मग बाबांना का नाही सांगितलंस?"

"त्यांना कारण लागतंय. पोरगं गेलं, हे चांगलं कारण हाय. सांगाय बी बरं, ऐकाय बी बरं." थोडं थांबून ती म्हणाली, "माझ्यापाशी कारण न्हाई. काय सांगू?"

"काहीतरी असेल."

"न्हाई गं. घर हेच, भिंती ह्याच, मानसं हीच. एक दिवस बोलावंसं वाटंना. तू किडकं पान चांगल्यात टाकलालीस बघ."

तेजश्रीने ते पान काढून बाजूला टाकलं. खालून मुकुंदरावांच्या चपलांचा आवाज आला आणि भामाचा चेहरा, ज्यावर क्षणभर काहीतरी उघडलं होतं, पुन्हा पहिल्यासारखा झाला. कुणी काही बंद केलं नव्हतं. आपोआप झालं. रात्री जेवताना मुकुंदरावांनी अंबाडीच्या भाजीचं कौतुक केलं आणि कुलदीपला ही भाजी किती आवडायची ते सांगितलं. भामाने त्यांच्या ताटात आणखी वाढली.

बुधवारी उदय सरांच्या खोलीत ती रेषा घेऊन गेली. उदय सर पुण्याचे, पन्नाशी ओलांडलेले, शर्टाच्या बाह्या नेहमी दुमडलेल्या. रागावले तर आवाज खाली जाई. त्यांनी तिचे कागद एकामागून एक पाहिले, मग पुन्हा पहिला पाहिला.

"पंप बंद होता हे श्रुतीने कधी सांगितलं?"

"सोमवारी."

"म्हणजे ही आठवण आहे. मोजमाप नाही."

"बेरीज मोजमाप आहे, सर. तिन्ही लीकची बेरीज कायम आहे. गॅस गेलेला नाही."

"ऑर्थो-पॅराचा विचार आपण पहिल्याच वर्षी केला होता. आणि सोडून दिला. का सोडला, सांग."

"तुम्ही म्हणालात, एकेका खोलीत एकेक रेणू. शेजारी चुंबक नाही. त्याला फिरवणार कोण?"

"बरोबर. मग आता कोण फिरवतंय? लीकमध्ये ऑक्सिजन, मान्य. पण चांगल्या सॅम्पलमध्ये? तिथेही शिखरं बरोबरीला येतातच. दोन-अडीच आठवडे लागतात, पण येतात."

उत्तर तिच्याकडे कालपासून होतं. अंबाडीच्या ढिगासमोर आईने भिंती म्हटलं तेव्हा ते तिला दिसलं होतं आणि दिसल्यावर तिला आपली किळस आली होती, की त्याही क्षणी आपण हायड्रोजनचा विचार करतो आहोत. ती म्हणाली, "भिंती, सर. भिंती पाण्याच्या आहेत. पाण्यात हायड्रोजन आहेच. त्याच्या केंद्रांना थोडं चुंबकत्व असतं. ऑक्सिजनच्या मानाने फारच थोडं. पण चोहोबाजूंनी, आणि सतत."

खिडकीबाहेर कुणीतरी स्कूटर चालू करायचा प्रयत्न करत होतं, ती चालू होत नव्हती. सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. चष्म्याशिवाय ते तिला पहिल्यांदाच दिसत होते असं तिला वाटलं, चेहरा अनोळखी आणि थकलेला. पुढच्या महिन्यात प्रकल्पाचा आढावा होता, हे तिला माहीत होतं. आढाव्याची पहिली ओळ तिच्या चौथ्या प्रकरणाची होती. देशभरातल्या तीन परिषदांत सरांनी ही ओळ सांगितली होती, आणि सांगताना ते किती आनंदात असत ते तिने मागच्या रांगेत बसून पाहिलं होतं. हे खोटं बोलणारे गृहस्थ नव्हते. म्हणूनच तिला अधिक भीती वाटत होती.

"तेजश्री," ते आवाज खाली आणून म्हणाले, "तू शुक्रवारी दे. परीक्षक विचारतील तेव्हा हेच सांग. शंका असणं म्हणजे चूक असणं नव्हे. सगळे प्रबंध शंकेसकटच दिले जातात."

"मला माहीत असताना?"

"तुला माहीत नाही. तुला वाटतंय. माहीत व्हायला अजून दोन नळ्या आहेत ना तुझ्याकडे?"

"आज दुपारी पहिलं माप घेते. शुक्रवारी दुसरं."

"घे. आणि फॉर्म तयार ठेव, दोघांच्या सह्या लागतात." मग चष्मा घालत, तिच्याकडे न बघता, "रेणू हिंडतात हे तुला आवडलं होतं ना? मलाही आवडलं होतं."

तिला यावर एकदम रडू आलं असतं, म्हणून ती उठली. जिन्यात तिने विचार केला की हे वाक्य खरं आहे. इतक्या थंडीत, जिथे सगळं थिजलेलं, तिथून कुणीतरी भिंत ओलांडून जातं, हे तिला आवडलं होतं. एवढं आवडलं होतं की एकदा सोडून दिलेलं पुन्हा तपासायचं तिच्या मनातच आलं नव्हतं. रात्री जेवणानंतर बाबा शेजाऱ्यांना कुलदीपचे फोटो दाखवतात, त्यांच्या चेहऱ्यावर दुःखाबरोबर एक समाधान असतं, तेही कदाचित हेच असेल. निघून जाण्याला एक दिशा असते. तिच्यावर बोट ठेवता येतं. बसल्या जागी जे होतं त्याच्यावर कुठे ठेवणार?

दुपारच्या मापात दोन्ही नळ्यांची शिखरं तीनास एक होती, अगदी सारखी. श्रुतीने निःश्वास सोडला, "चला!" तेजश्री म्हणाली, "हे पहिलं माप आहे." गुरुवारी ती कामावर आली आणि काही केलं नाही. प्रबंधाच्या छापील प्रती बांधून आल्या होत्या, निळ्या कापडातल्या, सोनेरी अक्षरांत तिचं नाव. तिने एक प्रत उघडून चौथं प्रकरण वाचलं. गद्य चांगलं होतं. वाक्यं खात्रीने एकामागून एक येत होती. रेणू स्थलांतर करतात, असं एका ठिकाणी लिहिलेलं होतं, आणि त्या वाक्यावर तिची नजर बराच वेळ राहिली, जणू ते दुसऱ्या कुणी लिहिलेलं होतं. तिने कुलदीपदादाला फोन लावला. तिकडे संध्याकाळ होती. "काय डॉक्टरीणबाई!" तो म्हणाला. मागे मुलांचा आरडाओरडा. तिने विचारलं, तुला रिक्षातली ती दुपार आठवते का, आई काही बोलली नाही ती? तो म्हणाला, "कुठली रिक्षा? अगं, आई तर मी निघेपर्यंत मस्त बोलायची." मग थोड्या वेळाने, "माझ्यामुळेच झालं ते, मला माहीत आहे." तिने काही सांगितलं नाही. आई त्या दुपारी आपल्यामुळे गप्प झाली नाही, हे ऐकून त्याला सुटल्यासारखं वाटलं असतं की लुबाडल्यासारखं, हे तिला ठरवता आलं नाही.

शुक्रवारी सकाळी तिने दुसरं माप घेतलं. हवा काढलेल्या नळीत डावं शिखर जवळपास होतं तिथेच होतं. हवा राहिलेल्या नळीत दोन्ही शिखरं बरोबरीला आली होती. बेरीज दोन्हीकडे कायम होती. तिने ते तीनदा तपासलं. तिसऱ्यांदा तपासताना तिच्या लक्षात आलं की विनवणी थांबली आहे. आत काहीच चाललेलं नव्हतं. पण तिला रिकामंही वाटत नव्हतं.

तिने दोन्ही कागद उदय सरांच्या टेबलावर ठेवले. ते उभ्यानेच बघत राहिले. मग म्हणाले, "नळ्या अजून थंडीत आहेत?"

"आहेत."

"मला स्वतः घेऊन बघू दे."

"मी येऊ?"

"नको."

ते मोजणीच्या खोलीत गेले आणि आतून कडी लागल्याचा आवाज आला. गेल्या कित्येक वर्षांत सरांनी त्या यंत्राला स्वतः हात लावलेला नव्हता. कळ कुठली आधी दाबायची हे त्यांना आठवेल का, असं श्रुती हळूच म्हणाली आणि तेजश्रीने तिच्याकडे पाहिल्यावर गप्प झाली. दुपारी मुकुंदराव आले. इस्त्रीचा शर्ट, हातात मिठाईचा डबा. त्यांच्याबरोबर भामा होती. तिला आणायचं ठरलेलं नव्हतं. ती व्हरांड्यातल्या बाकावर बसली, पदर सारखा केला, आणि समोरच्या झाडाकडे बघू लागली.

"झालं का?" मुकुंदरावांनी विचारलं.

"नाही, बाबा."

"कवा होतंय?"

"सर आत आहेत."

भामाने मान वळवून मुलीकडे पाहिलं. "चुकीचं काय झालं?" तिने विचारलं.

"खरी निघाली."

भामाने मान हलवली. मुकुंदराव एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत राहिले. "कसली चूक? कुणाची?" त्यांच्या हातातला डबा कुणी घेतला नाही. त्यांनी तो बाकावर, भामाच्या शेजारी ठेवला.

साडेतीनला प्रबंध घेणाऱ्या कार्यालयातून फोन आला. पलीकडे नेहमीचा कारकून होता. "मॅडम, चार बजे काउंटर बंद हो जाता. आतै कि नै?"

"सर की साइन बाकी है," तेजश्री म्हणाली.

"और आपकी?"

"मेरी भी."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. "तो फिर लिख देतूं, नै आए बोलके?"

तिने मोजणीच्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. "अजून चार नाही वाजले," ती मराठीतच म्हणाली. पलीकडच्याला ते समजलं असावं. "अच्छा," तो म्हणाला, आणि फोन ठेवला गेला.

चार वाजता काउंटर बंद झालं. साडेचारला श्रुतीने दारावर हळूच टकटक केली. आतून उत्तर आलं नाही. यंत्राचा पंखा चालू होता, आणि मध्येच नवं माप सुरू झाल्याचा आवाज आला. पाच वाजेपर्यंत तो आणखी दोनदा आला होता. कडी उघडली गेली नव्हती.